चष्म्यातला किनारा
परवा माझ्या लेकीने पोहण्याचा नवा चष्मा खोक्यातून काढला आणि त्या रबराच्या वासासरशी मला सासूबाईंना घेऊन देवबागच्या शाळेत गेले होते ती दुपार आठवली. कॉलेजातली काही मुलं गावकऱ्यांना दाखवायला डोळ्यांवर बांधायचे मोठे चष्मे घेऊन आली होती. त्यांत आमचा किनारा पूर्वी कसा होता आणि पुढे कसा होईल, हे दिसत असे. बाहेर वाळत घातलेल्या बांगडा माशांचा वास वर्गात भरला होता. आमचं घर वाळूच्या पट्टीवर, दर पावसाळ्यात अंगण थोडं थोडं समुद्रात जायचं, तरी सासूबाई तिथून हलायला तयार नव्हत्या. चष्मा लावताच त्या हसल्या. "अगो, माझे माड! लगीन होऊन इलंय तेव्हा असेच होते," म्हणत हवेतच बुंधा चाचपू लागल्या. मग कॉलेजातल्या एका मुलीने पुढचा काळ लावला आणि सासूबाईंचा हात थांबला. "सगळा पाणीच दिसता गो. माणसां खंय गेली?" "माणसं आम्ही दाखवलेलीच नाहीत, आजी," ती म्हणाली. सासूबाईंनी चष्मा काढून दिला आणि घरची वाट धरली. ओटीवर टेकल्यावर माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "झिला, पिंगुळेक तुझ्या मामाची जागा आसा मां? थंयच घर बांध." आम्ही समुद्रापासून लांब, पिंगुळीला बांधलं. दोन पावसाळे काढून सासूबाई तिथेच वारल्या, समुद्राचा आवाज येत नाही अशा घरात. देवबागचं घर अजून उभं आहे. आम्ही त्यांना वेळेवर हलवलं की उगाच, हे मला आजही ठरवता येत नाही.