मागून दिलेला धक्का

आमचं घर मांजर्लीला, नदीपासून हाकेच्या अंतरावर. शाळा मी चौथीतच सोडली, पण पोहण्याच्या बाबतीत कोणी मला अक्कल शिकवलेली आजही खपत नाही. त्यामुळे सुनेने नातीला पोहण्याच्या क्लासला घालायचं काढलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

“नदी दारात आणि पोरगी टाकीत शिकणार? मी शिकवतो.”

नात खूश. शाळेत सगळ्यांना सांगत सुटली, आजोबा मला नदीत शिकवणार म्हणून.

गेल्या थंडीत एका रविवारी आम्ही घरची माणसं नदीवर पार्टीला गेलो. तीन दगडांची चूल, कोंबडीचं कालवण, भाकऱ्या घरून बांधलेल्या. सुनेची आई, आमच्या विहीणबाई, कल्याणहून आल्या होत्या. बँकेत नोकरी केलेली बाई, तोंडाने माझ्याइतकीच तिखट.

मी नातीच्या पाठीला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा बांधला, डब्याचं तोंड मेणाने बंद करून. आम्ही सगळे तसेच शिकलो.

“व्याही, पोरीला पोहायला नेताय की रॉकेलच्या लायनीत?” विहीणबाई म्हणाल्या.

“तुमच्या टाकीत म्हशीलाही पोहता येईल, विहीणबाई.”

“म्हशीला कुठेही येतं हो. माणसाला शिकवावं लागतं.”

सगळे हसले. मुलगा जरा जास्तच हसला, ते मला लागलं.

कातळावर उभी राहून नात म्हणाली, “आजोबा, मी सांगेन तेव्हाच हं.” मी हो म्हटलं. ती बोटं बुडवायची, मागे यायची. परत बुडवायची. खाली काठावर पाय सोडून बसलेल्या विहीणबाई म्हणाल्या, “घाबरलीय ती. राहू द्या आज.”

राहू द्या म्हणे! माझ्या बापाने मला ह्याच काठावरून उचलून टाकलं होतं. “घाबरतंस कशाला, हात मार!” एवढीच त्याची शिकवणी. आमच्यात पोराला विचारून कोणी पाण्यात टाकत नसे. मी तिच्या पाठीमागे गेलो आणि दिला धक्का.

डबा बुडाला नाही. दोरी सरकून तो कमरेखाली गेला, पाय वर आले आणि तोंड पाण्यात. मी लुंगी खोचेपर्यंत विहीणबाई पंजाबी ड्रेससकट आत शिरल्या होत्या. चार हात मारून त्यांनी तिला काठाला आणलं.

पोरगी खोकली, ओकली. रडली नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, “मी सांगितलं नव्हतं.”

विहीणबाई वाकून दोरी सोडवायला लागल्या. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. दोरीच्या माझ्या गाठी भिजून इतक्या आवळल्या होत्या की कोंबडीच्या सुरीने कापाव्या लागल्या.

“पहिल्यांदा असंच होतं,” मी म्हणालो. सून पोरीचे केस पुसत राहिली. कालवण सगळ्यांनी मुकाट्याने खाल्लं.

आता नात अंबरनाथला टाकीत शिकते. सोडायला मीच जाणार म्हणून हट्ट धरला; चुकलो हे तोंडातून निघेना, निदान तेवढं तरी करावं. पहिल्या दिवशी तिला धीर वाटावा म्हणून मी तिच्या मागेच उभा राहिलो. बाकीची पोरं उतरली. खालून शिकवणाऱ्या बाई हाका मारत होत्या, तरी ही पहिल्या पायरीवर थिजलेली. मग वळली आणि इतरांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, “आजोबा, तू बाहेर बस ना. तू मागे असलास की मला उतरता येत नाही.”

बाहेर चपला काढतात तिथे एक बाक आहे. मी तिथे बसतो. आत शिट्टी वाजते, पोरं ओरडतात, त्यातला तिचा आवाज कोणता ते ओळखू बघतो. उठून बघायला जात नाही.