कचेरीत नवऱ्याचं नाव

माझी वहिनी बर्मी होती, रंगूनची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कोणी "काय सांगता? खरंच?" करणार नाही. आयुष्यभर लोकांनी हा प्रश्न विचारून विचारून माझा जीव नकोसा केला आहे.

माझे काका दुसऱ्या महायुद्धात फौजेबरोबर बर्म्यात गेले आणि लढाई संपल्यावर तिथंच रेल्वेच्या वर्कशॉपात चिकटले. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, त्यांनी वेल्डिंग शिकायला बोलावून घेतलं. दादा वेल्डिंग शिकला आणि वर लग्नही करून बसला. तेवढ्यात इकडं भिलाईत कारखाना उभा राहू लागला. बाबा नागपूरकडची रेल्वेची गँग सोडून इथं खलाशी, म्हणजे ओझी उचलणारे मजूर, म्हणून लागले, वेल्डर पाहिजेत असं त्यांनी कळवलं आणि दादा बायकोला घेऊन परत आला.

आईनं सुनेला पाहिलं, सुनेनं आईला पाहिलं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळेना. मग वहिनीनं सामान तसंच ठेवलं, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीसमोर गुडघे टेकले आणि घडाघडा त्रिशरण-पंचशील म्हटलं. आम्ही दीक्षा घेऊन चारच वर्षं झालेली, आमचं अजून अडखळत होतं. तिचं पिढ्यान्‌पिढ्यांचं! फक्त ती 'सरणं'ला 'थरणं' म्हणायची. शेजारच्या बाया पदरात तोंड लपवून हसल्या. आई म्हणाली, "हसता काय? बुद्धाले समजते." झालं, त्या दिवशीच सून पसंत झाली.

आमचं क्वार्टर सेक्टर एकमध्ये. दोन खोल्या, मागं मोरी, समोर लाल माती. दिवसभर ट्रक जायचे आणि वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळपर्यंत विटकरी व्हायचं. वहिनीनं त्या मातीतच घर मांडलं. जुनवानी गावाकडून भाजी घेऊन येणाऱ्या बायांशी ती छत्तीसगढीत घासाघीस करायला लागली, माझ्याशी हिंदीत आणि आईशी आमच्या मराठीत. वर्षभरात "मले नाई पाह्यजे" असं ठसक्यात म्हणायला लागली. एका गोष्टीवरून मात्र आईचा रोज जीव वर-खाली व्हायचा. ती दादाला नावानं हाक मारायची.

रंगूनला नवऱ्याचं नाव घेतात म्हणे. यात काय विशेष? पण आमच्या आईनं जन्मात बाबांचं नाव घेतलं नव्हतं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईनं तिला सांगितलेलं. रेशनच्या दुकानात नाव विचारलं तर ती मला पुढं ढकलायची, "तुह्या बाबाचं नाव सांग वो." बाबा तिला चिडवायचे, "सारे देव सोडले, सारे उपास सोडले, अन् हे एक कावून धरून बसली?" आईचं उत्तर ठरलेलं, "देव सोडले, नवरा नाई सोडला."

मग एक दिवस दादा जेवणाचा डबा विसरून सायकलवर निघाला. वहिनी डबा घेऊन रस्त्यावर धावली आणि भर सेक्टरात त्याच्या नावानं ओरडली. नेमका त्याच दिवशी कामावर तापलेला लोखंडाचा तुकडा त्याच्या पायावर पडला. पायाला हे एवढं बँडेज बांधून तो घरी आला. आईनं कपाळावर हात मारून घेतला, "भर रस्त्यात नाव घेतलं, आता पाह्य!"

मला इतका राग आला! वेल्डरचा पाय भाजतो तो धड बूट नसतात म्हणून, त्यात नावाचा काय संबंध? मी आईशी कचकचून भांडले. पण वहिनी तिथं दारात उभी राहून सगळं ऐकत होती. त्या दिवसापासून तिनं दादाचं नाव घेणं सोडलं. लेक झाल्यावर तर सोयच झाली, "पोरीचे बाबा" म्हणायचं. शेजारणी आईला म्हणायच्या, "कशी शिकवली वो सुनेले!" आणि आई फुगायची.

वहिनीला दर वर्षी राहण्याचा परवाना काढावा लागायचा. पोलिसात जाऊन हजर व्हायचं, सही करायची, परदेशी म्हणून. मग तिकडं बर्म्यात फौजी राज्य आलं. आपले लोक तिथून हाकलले जाताहेत, गेलेल्याला परत येता येत नाही, अशा बातम्या काका कळवायला लागले. दादानं तिच्या नागरिकत्वाचा अर्ज केला. नवरा भारतीय, सासर भारतीय, लेक इथं जन्मलेली. आम्हाला वाटलं, काय अडणार आहे? पण अर्ज जर नामंजूर झाला आणि परवानाही वाढवून मिळाला नाही तर तिला रंगूनला जावं लागणार होतं. लेक राहणार इथं, आई तिथं. दादानं हे एकदा जेवताना सांगितलं आणि ताटावरून उठून गेला.

चौकशीला एक हवालदार घरी आला. बिचारा भला माणूस होता, चहा घेतला, पोरीला मांडीवर घेतलं. "पति का नाम?" त्यानं विचारलं. वहिनी लाजून म्हणाली, "पोरीचे बाबा." त्यानं पुन्हा विचारलं. वहिनीनं डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला. मी शाळेत, आई नळावर, दादा ड्यूटीवर. हवालदारानं काय लिहायचं? त्यानं लिहिलं, की या बाईला नवऱ्याचं नाव सांगता येत नाही.

आणि त्यावरून दुर्गच्या कचेरीतून बोलावणं आलं. लग्न खरं आहे की नुसतं कागदावरचं, हे साहेबांना बघायचं होतं. दादाची जबानी आधी झाली होती, आता बाईला एकटीला विचारणार म्हणाले. त्या दिवशी दादा आणि बाबा दोघंही सकाळच्या पाळीला होते. मी अकरावीत, घरात त्यातल्या त्यात हिंदी फाडफाड बोलणारी, म्हणून मी निघाले. आई म्हणाली, "मीबी येतो." पोरीला कडेवर घेतलं आणि आम्ही बसनं दुर्गला गेलो.

साहेब केस पिकलेले, चष्मा नाकावर उतरलेला, आवाज हळू. राग यावा असं त्यांच्यात काही नव्हतं, तरी मला येत होता. कुठून आलात, कधी आलात, काय काय शिकलात, सगळं विचारून झालं. वहिनीनं पटापट उत्तरं दिली. मग ते म्हणाले, "अब पति का नाम बताइए."

वहिनी माझ्याकडं बघायला लागली.

"डरिए मत. सिर्फ नाम."

वहिनीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. बाजूच्या टेबलावरचा कारकून नाकातून हसला. माझं टाळकं सरकलं. मी उठून म्हणाले, "साहब, हमारे यहाँ औरतें पति का नाम नहीं लेतीं, आपको मालूम नहीं क्या?"

साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "मालूम है, बेटी. मेरे घर में भी नहीं लेतीं. लेकिन ये तो रंगून की हैं. वहाँ तो लेती हैं."

आमच्या गावची कोणी बाई असती आणि गप्प बसली असती, तर साहेबांनी मान डोलावून पुढचा प्रश्न विचारला असता. ही परकी, म्हणून हिच्या गप्प बसण्याचा अर्थ वेगळा. अगदी आमच्यासारखी झाली, तेच तिच्या अंगाशी आलं! मी नाव सांगते म्हटलं, तर साहेब म्हणाले, नाही, त्यांच्याच तोंडून पाहिजे. शपथेवर आहे. मी वहिनीला हलवलं, "वैनी, घे ना! घेत होती ना आधी? एका नावानं काय होते?" ती माझ्या कानात म्हणाली, "ते आता भट्टीवर हाय. आता नाई घेत मी." नवरा वाचवायचा की लेकीजवळ राहायचं, असा तो हिशेब होता तिचा. मला तेव्हा ते वेडेपणाचं वाटलं. तिच्यासाठी मात्र ते अगदी खरं होतं.

साहेबांनी चष्मा काढला. "फिर मैं क्या लिखूँ?" ते खरंच विचारत होते.

मागच्या बाकावर आई बसली होती. ती उठली. पोरीला माझ्याकडं दिलं, लुगड्याचा पदर कमरेला खोचला आणि टेबलापुढं जाऊन उभी राहिली.

"साहेब, तिले मीच शिकवलं. तिच्यात असं नसते. माह्या भेवानं ते गप हाय."

साहेबांना मराठी किती कळली कोण जाणे. आई वहिनीकडं वळली.

"बाई, इकडं पाह्य माह्याकडं."

आणि तिनं बाबांचं नाव घेतलं. नाव, त्यांच्या वडलांचं नाव, आडनाव, सगळं, मोठ्यानं, एका दमात. हे नाव मी टाइमकीपरच्या तोंडून ऐकलं होतं, पोस्टमनच्या तोंडून ऐकलं होतं, शाळेत तर रोज ऐकत होते. आईच्या तोंडून ते मला ओळखूच आलं नाही. कोणा दुसऱ्याच, तरण्याबांड माणसाचं वाटलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. इतका वेळ आलेला सगळा राग कुठल्या कुठं गेला.

आई वहिनीला म्हणाली, "मी घेतलं. आता तू घे. काय व्हाचं ते दोघीचंही होईन."

वहिनीनं डोळे मिटले आणि दादाचं नाव घेतलं. साहेबांनी ते लिहून घेतलं, दोनदा विचारलं नाही. कारकून खाली मान घालून काहीतरी शोधत बसला. मग तिला नागरिकत्वाची शपथ घ्यायला लावली. मी तिच्याकडून ती घोकून घेतली होती. ती 'संविधान'ला 'थंविधान' म्हणाली, कोणी दुरुस्त केलं नाही. तो शब्द आला तशी आईनं उभ्या उभ्या हात जोडले. "कागज घर पर आ जाएगा," साहेब म्हणाले आणि आईकडं बघून जरा वाकल्यासारखे झाले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, चला, पेढे घेऊ. दोघीही ऐकायला तयार नाहीत. आई म्हणाली, "गेटावर चाल."

"कोणत्या गेटावर?"

"कारखान्याच्या. शिफ्ट सुटून राहिली असन."

बसमध्ये दोघी एकमेकींना चिकटून बसल्या. मेन गेटवर उतरलो तर ऊन मी म्हणत होतं. भोंगा होऊन गेला होता, सायकलींचा लोंढा बाहेर पडत होता. आई आणि वहिनी कुंपणाला धरून उभ्या राहिल्या आणि एकेक तोंड न्याहाळायला लागल्या. ओळखीचे लोक थांबून विचारायचे, "काय झालं वो?" आई नुसती मान हलवायची. लोंढा पातळ झाला, दोघांचा पत्ता नाही. आमच्या गल्लीतला एक जण दिसला, त्याला विचारलं तर म्हणे, "तिकडं काही तरी झालं, थांबवून ठेवलं काही लोकांले." वहिनीनं पोरीला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

मी म्हणत होते, "काय खुळ्यासारखं करता? नावानं काही होत नाही, विज्ञान आहे की नाही काही?" पण खरं सांगते, मी अकरावीत विज्ञान शिकणारी मुलगी, गेटाकडं बघत मनातल्या मनात म्हणत होते, येऊ दे, दोघांनाही येऊ दे.

आले. सायकली हातात धरून, काळेठिक्कर, गप्पा मारत. क्रेन बंद पडली होती, ती सोडवायला थांबवलं होतं म्हणे. आम्हाला बघून दादाचा चेहरा उतरला. "काय झालं? नाई म्हटलं का?"

"झालं," वहिनी म्हणाली. "कागद घरी येते." आणि त्याच्या शर्टाची बाही धरून रडायला लागली. तो वेंधळ्यासारखा तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला, हात काळा आहे हेही विसरला.

बाबा आईला म्हणाले, "अन् तू कावून रडून राहिली? काम तं झालं ना?"

माझ्या पोटात काही राहत नाही, मी सांगून टाकलं, "बाबा, आईनं तुमचं नाव घेतलं. साहेबासमोर. पुरं."

बाबा सायकल धरून उभेच राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती. मागून येणारे लोक घंटी वाजवायला लागले तरी हलेनात. मग अगदी हळू, आजूबाजूला बघत म्हणाले, "खरंच घेतलं? एकडाव म्हण बरं. मीबी आयकतो."

आईनं पदरानं डोळे पुसले, वहिनीच्या कडेवरची पोर आपल्याकडं घेतली आणि चालायला लागली.

"तुमच्यासाठी नाई घेतलं," ती म्हणाली. "तिच्यासाठी घेतलं."