क्षिप्रेत बंद पडलेली मोटर आणि आमच्या काकू

मित्रांनो, आज सकाळी काकांच्या अस्थी विसर्जित करून परतताना आमची बोट क्षिप्रेच्या मधोमध बंद पडली. बोट आमच्या पोहण्याच्या ग्रुपची, मोटर माझ्याहून जुनी. दोरी खेचून खेचून माझे हात भरून आले. बोट पुलाच्या खांबाकडे वाहत चालली होती.

काका गेल्यापासून गप्प असलेल्या काकू एकदम म्हणाल्या, "अगं, पेट्रोल आहे ना? मग करंट बघ. प्लग काढ."

प्लग काढून इंजिनाला टेकवला, दोरी खेचली. ठिणगीच नाही.

"आण इकडे." त्यांनी प्लगची टोपी फिरवून काढली. आत तारेचं टोक गंजून हिरवं पडलं होतं. पकडीनं तेवढं कापून टोपी घट्ट बसवली, प्लग लावला. "हं, आता खेच!"

दुसऱ्या झटक्यात मोटर सुरू!

"काकू, हे कुठे शिकलात?"

"आमची जुनी स्कूटर अशीच अडायची. तुझे काका म्हणायचे, तू कर, मी टॉर्च धरतो." त्या हसल्या, आणि मग पहिल्यांदाच मोकळेपणानं रडल्या.

मी घाटावर जायची घाई केली नाही.

त्या सडक्या तारेचे मनापासून आभार. तुमचं माणूस असं अचानक कधी बोलतं झालं?