वाळवीनं खाल्लेली लेबलं

लंगोट आणि किस्से यांचं एकच आहे. एक वाळत घालावा, तोवर दोन तयार! माझं पहिलं बाळंतपण आणि आमच्या त्या शनिवारच्या दुपारी एकाच वर्षातल्या, त्यामुळे दोन्हींचा ढीग एकदमच साठला. लंगोट आता पोतेऱ्याला गेले. किस्से तेवढे उरलेत. मी बरी आई आहे की नाही हे अजून ठरायचंय. तोवर हे ऐका.

राजूरच्या कोळसा खाणीचा गोरा मॅनेजर कायमचा मायदेशी निघाला, तेव्हा कमलताईंच्या यजमानांना एक लाकडी पेटी देऊन गेला. कमलताई म्हणजे आमच्या कॉलनीतल्या इंजिनिअरसाहेबांची बायको. माहेर नागपूरचं, आवाज खाणीच्या भोंग्याचा. पेटीत फ्रान्सच्या वाईनच्या अकरा बाटल्या, सोबत टाइप केलेली यादी. यादी शाबूत होती. बाटल्यांवरची लेबलं मात्र वाळवीनं फस्त केलेली!

मी इंटर पास, म्हणून यादी माझ्याकडे आली. पहिलंच फ्रेंच नाव मी "बोर्डेऑक्स" असं ठणकावून वाचलं. कुणी हसलं नाही. बरोबर काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"नावं आहेत, बाटल्या आहेत," कमलताई म्हणाल्या. "कुठलं नाव कुणाचं, ते आता जिभेनं लावायचं. डोळे बांधून!"

"पण ताई, दारूबंदी आहे ना?"

"आमच्या ह्यांना परमिट आहे, तब्येतीसाठी. आपल्याला काय तब्येत नाही?"

*

तिसरी शांता. कॉलनीच्या शाळेत मास्तरीण. तिच्या घरानं धम्मदीक्षा घेतलेली.

"मी थेंबभर पिणार नाही, पंचशील घेतलं हाय मी," ती म्हणाली. "पण परीक्षा मी घेईन. तुम्हा दोघींवर कोणाचा भरोसा हाय?"

पद्धत तिनंच काढली. तीन कप. दोनांत एकच वाईन, तिसऱ्यात दुसरी. डोळ्यांवर पट्टी. वेगळा कप कुठला ते आधी सांगायचं, नाव मग.

कमलताईंनी पहिला कप तोंडाला लावला आणि जाहीर केलं, "बर्गंडी! जुनी आहे. उन्हातली द्राक्षं आहेत!"

शांतानं पट्टी सोडली. कपात गार कोरा चहा होता.

*

मी थुंकायचे. कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की चाखणारे लोक गिळत नाहीत. पण माझं कारण वेगळं. आठ महिन्यांचा नंदू अंगावर पीत होता. एक थेंब जरी घशाखाली गेला तर? मी थुंकायचे, चूळ भरायचे, परत थुंकायचे.

"अगं विमल, फ्रान्सची वाईन राजूरच्या तस्तात थुंकतेस!" कमलताईंचा जीव तुटायचा. त्या तस्ताच्या वाटणीचंही पिऊन घ्यायच्या.

तिसऱ्या फेरीपर्यंत त्यांना तिन्ही कप सारखेच गोड लागत. मला मात्र वेगळा कप सापडे. दर वेळी! शांतानं वहीत माझ्या नावापुढे दहापैकी दहा लिहिले. शाळा सुटल्यावर मला पहिल्यांदाच कुणीतरी पूर्ण मार्क दिले होते.

*

सातवी बाटली कमलताईंना फार आवडली. "ही यादीतली सगळ्यात महागाची. जीभ कशी चरचरते बघ!"

मी चाखली आणि गप्प बसले. मला काय कळतंय, असं नेहमीप्रमाणे वाटलं.

शांतानं नुसता वास घेतला. "ताई, हे आंबलं हाय. शिरका झाला याचा. राजूरच्या चार उन्हाळ्यांत अजून काय होईल?"

मला हेच वाटलं होतं! पण बोलले नव्हते. त्या दिवशी कांद्याची कोशिंबीर फ्रेंच झाली, आणि पुढच्या वेळी तोंड उघडायचं असं मी मनाशी ठरवलं.

*

घरी मी सांगितलं होतं की शनिवारी शिवणाचा क्लास असतो.

"काहून व सूनबाई," सासूबाईंनी एकदा विचारलं, "तीन महिने झाले क्लासले, एक झबलं नाही दिसून राह्यलं?"

पुढच्या शनिवारी शांतानं घाईघाईत एक झबलं शिवून दिलं. घरी आणलं तर त्याच्या बाहीवर लालजांभळा डाग!

"जांभळाचा आहे," मी म्हटलं.

"माघात जांभूय?" सासूबाईंनी झबलं नाकाशी नेलं. बराच वेळ हुंगलं. मग त्या म्हणाल्या, "लिंबू लाव. निघते."

*

आणि मग नंदूला खोकला झाला. वणीच्या डॉक्टरांचं लाल औषध चालू होतं. दुसरी बाटली आणली, आणि द्यायच्या आधी मी सवयीनं बोट बुडवून चाखलं. रंग तोच. पण मागून येणारी बडीशेप नव्हती, आणि कडूपणा जिभेच्या मुळाशी बसत होता.

कंपाउंडर म्हणाला, "तेच आहे, बाई. पहिलटकरणींना सगळंच वेगळं लागतं."

एरवी मी परत आले असते. पण जुन्या बाटलीत एक डोस उरला होता. दोन्ही बाटल्या आणि नंदूला घेऊन मी थेट डॉक्टरांसमोर उभी राहिले. सोबत सासूबाई आणि शांता.

डॉक्टरांनी दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या. "एकच आहे. उगाच वहीम घेऊ नका."

बाकावरचे पेशंट हसले. मी पदर चाचपला. तेवढ्यात शांता म्हणाली, "तीन पेल्या द्या, डॉक्टरसाहेब. तुम्हीच भरा." आणि माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली. तीच गाठ!

थेंब थेंब चाखलं, थुंकलं. "मधली वेगळी."

"योगायोग." पेल्या परत भरल्या.

"पहिली."

बाकावरचं हसू थांबलं. तिसऱ्यांदा पेल्या आल्या. चाखल्या. परत चाखल्या. चुकतेय का मी? तिकडे नंदू खोकत होता.

"डॉक्टर," मी म्हटलं, "आता तिन्हींत एकच भरलंय तुम्ही. नवं."

मी पट्टी सोडली तेव्हा डॉक्टर आत गेले होते. कंपाउंडरच्या बरण्या उघडल्याचा आवाज आला, मग ओरडा. बरणी बदलली होती. बाळाच्या बाटलीत मोठ्या माणसांचं औषध! आख्खी बरणी मोरीत गेली.

डॉक्टरांनी नवीन औषध स्वतः करून दिलं. मी तेही चाखलं. बडीशेप होती.

"बाई," ते माझ्याकडे बघत म्हणाले, "ही जीभ कुठं तयार केलीत?"

शांता जमिनीकडे बघायला लागली. वणीचं ते भरलेलं बाक, दारूबंदीचे दिवस, आणि शेजारी सासूबाई!

सासूबाईंनी नंदूला खांद्यावर घेतलं, त्याच्या झबल्याची बाही नीट केली आणि डॉक्टरांना सांगितलं, "शिवनाच्या क्लासात."