माठात लावलेलं वारूळ

कुकरची शिट्टी झाली तसा मी गॅस बारीक केला. आत तांदूळ नव्हते, तुरीची डाळ नव्हती. आत माझ्या बायकोच्या माहेरचं वारूळ शिजत होतं.

त्या वेळी मी फार खुशीत होतो. मी ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. सगळी नोकरी परीक्षानळ्या धुण्यात गेली आणि त्यातून विज्ञानाचा एकच धडा पक्का झाला, की काहीही करायच्या आधी सगळं निर्जंतुक करून घ्यायचं. मधे एकदा ढिंगरी अळिंबीचं प्रशिक्षणही घेतलं होतं. तिथंही तेच सांगितलं, कुटार, म्हणजे भुसा, आधी उकळत्या पाण्यातून काढा, मग बी टाका. तेव्हा वारुळातून आणलेले गोळे मी कुकरमधल्या जाळीवर मांडले आणि वाफ दिली. झाकण उघडल्यावर घरभर ओल्या मातीचा नि शिजलेल्या किड्यांचा वास सुटला. बायको दारात आली, कुकरमध्ये पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. एवढंच म्हणाली, "याच्यात आता वरण नाही शिजवणार मी."

वारूळ घरात कसं आलं, ते सांगतो.

टेकोडे म्हणजे आमच्याकडची रानातली अळिंबी. ती वारुळावरच निघते, श्रावणाच्या आगेमागे, रात्रभर आभाळ गडगडून गेलं की. पांढरी छत्री, तिला मधोमध टोक, आणि खाली हातभर लांब मूळ, थेट वारुळाच्या पोटात उतरलेलं. लोक म्हणतात, टेकोडे मटणासारखे लागतात. माझी बायको म्हणते, मटण टेकोड्यासारखं लागते म्हणा.

तिचं माहेर उमरखेडच्या अलीकडं. तिथं वडिलांचं शेत आणि शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक वारूळ. टेकोड्याची जागा कोणी घराबाहेर सांगत नाही. सासूबाईंनी मलाही कधी सांगितली नाही. जावई कितीही लाडका असला तरी बाहेरचाच. त्या आपल्या पोरीला घेऊन पहाटे धुऱ्यावर जायच्या, आणि मी उठून चहा पिईपर्यंत टोपलं भरून परत यायच्या. सासूबाई गेल्या, तरी ते थांबलं नाही. माझा साळा दर श्रावणात टेकोडे पळसाच्या पानांत बांधून एसटीच्या ड्रायव्हरजवळ द्यायचा, आणि आमची ही यवतमाळच्या स्टँडवर गाडी लागायच्या आधीपासून उभी. घरी आल्यावर पुडकं उघडून आधी मुळं पाहायची. मुळाला धुऱ्याची लाल माती चिकटलेली असायची. ती धुवायलाही तिला जिवावर यायचं.

मग शेताचं लेआउट पडलं. साळ्याला मी दोष देत नाही. आजूबाजूची सगळी शेतं गेली होती, मधे एकट्यानं काय करायचं. बहिणीचीही सही लागली. रजिस्ट्रीच्या दिवशी तिनं सगळीकडं मुकाट्यानं सह्या केल्या आणि शेवटी भावाला विचारलं, "वारूळ कोण्या प्लॉटात येते रे?"

त्यानं नकाशा उलटसुलट करून पाहिला. "प्लॉटात नाही, ताई. रोडात येते."

त्यानंतर ती त्याच्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती त्याच्याशी बोलायचीच बंद झाली. त्याचा फोन आला की मोबाइल माझ्या हातात द्यायची आणि काहीतरी चाळायला घ्यायची, कधी गहू, कधी मोहरी. एकदा तर साबुदाणा चाळताना पाहिली. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की, वारूळच घरी आणलं तर? खोलीत अळिंबी पिकवणारे लोक आहेतच. मी तर विज्ञानातला माणूस.

जेसीबी लागणार असं साळ्यानं कळवलं, त्या दिवशी मी रजा टाकून गेलो. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि ती जागा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. माझ्या छातीएवढं उंच वारूळ, उन्हात लालभडक. जेसीबीवर उमरखेडचा एक गडी होता, डोक्याला रुमाल बांधलेला. मी कुदळ घेऊन वारुळाशी झटून राहिलो तसं त्यानं मशीन थांबवलं.

"चाचा, क्या धुंडून राह्यले? सोनं गाडलं का कोणी?"

"टेकोडे," मी म्हणालो.

ऐन उन्हाळ्यात टेकोडे म्हटल्यावर त्यानं आधी वर सूर्याकडं पाहिलं, मग साळ्याकडं पाहिलं. साळ्यानं मान खाली घातली. त्या गड्याला काय समजलं कोण जाणे, त्यानं मला बाजूला केलं आणि एवढ्या मोठ्या मशीनचा दात इतक्या अलगद घातला, की वारूळ मधोमध उघडलं. आत कप्पे होते आणि कप्प्यांत अक्रोडाच्या गरासारखे सुरकुतलेले, स्पंजासारखे हलके गोळे. त्यांच्यावर खसखशीएवढे पांढरे ठिपके. टेकोड्याचं बीज ते हेच. मी गोळे मातीसकट पोत्यात भरले. पोत्यात मावेना तो एक जेवणाच्या डब्यात घातला.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं पोत्यात काय आहे म्हणून विचारलं. मी खरं सांगितलं. वारूळ म्हटल्याबरोबर शेजारच्या माणसानं पाय वर घेतले. नाग नाही, फक्त उधई आहे, वाळवी, असं मी समजावत राहिलो. पण यवतमाळपर्यंत त्या बाकड्यावर मी एकटाच होतो. एवढी ऐसपैस जागा मला एसटीत कधी मिळाली नव्हती. मी स्वतःला भाग्यवान समजत होतो.

दुसऱ्या दिवशी तो कुकर लावला.

त्यानंतर कॉलेजात मी वनस्पतिशास्त्राच्या सरांना मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ढिंगरीचं कुटार उकळतात, कारण बी नंतर टाकायचं असतं. तुम्ही बीच उकळलंत." टेकोडे वाळवीच पिकवते, हेही त्यांनीच सांगितलं. ते गोळे म्हणजे तिची शेती. तीच रात्रंदिवस निंदण करते, दुसरी बुरशी उगवू देत नाही. तिच्याशिवाय खोलीत हे कोणाला जमल्याचं त्यांच्या ऐकण्यात नव्हतं. मी साळ्याला फोन लावला. तो म्हणाला, "भाऊजी, तिथं मुरूम टाकून रोलर फिरला."

मी घरी येऊन बॅग आपटली, तेव्हा डबा वाजला. आत पोत्यात न मावलेला, मी विसरून गेलेला तो एक गोळा होता, आणि त्यावर उधई फिरत होती. जिवंत.

घराच्या चौकटींत दरवर्षी सुईनं औषध सोडून ज्या प्राण्याचा मी वंश संपवत आलो, त्याला आता जगवायला मी धावाधाव करू लागलो. मागच्या अंधाऱ्या खोलीत जागा केली. बायकोनं न मागता आपला जुना माठ आणून दिला. तळाला पोत्यातली माती घातली, मधे गोळा ठेवला, वाळकी लाकडं, पळसाची पानं, वर ओलं गोणपाट. खोलीला कुलूप लावलं, तर ही म्हणाली, "कुलूप कायले? कोण चोरते उधई?" पण किल्ली तिनं स्वतःच्या जुडग्यात घातली.

आणि ती खोलीत जाऊ लागली. आधी गोणपाट ओलं करायच्या निमित्तानं, मग काही निमित्त न काढता. एकदा मी मागून गेलो तर ती माठाजवळ खाली बसून कान देत होती. म्हणाली, "मायनं शिकवलं होतं. आतून करकर ऐकू येते, म्हणजे जागी हाय." मीही कान लावला. मला काही ऐकू आलं नाही. पण मी हो म्हणालो.

कॉलेजात लोक विचारायचे, काय म्हणते तुमची उधई, पगारबिगार देता का नाही. मी हसून घ्यायचो. साळा मात्र खरंच विचारायचा. दर फोनवर आधी इकडचं तिकडचं, मग आवाज उतरवून, "निघाले का, भाऊजी?" मी म्हणायचो, अजून वेळ आहे. ही तेव्हा चाळणी हातात घेऊन बसलेली असायची, पण चाळणी हलत नसायची.

सरांनी सावध केलं होतंच. राणी नसलेली वाळवी किती दिवस काढणार? श्रावण लागला तोवर माठातली हालचाल कमी झाली होती. एक दिवस गोणपाट उचललं तर गोळ्यातून काळे, दोऱ्यासारखे कोंब आलेले. ते टेकोडे नव्हेत हे मलाही कळलं. निंदायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून तण माजलं होतं. मी चिमट्यानं ते काळे दोरे उपटत बसलो. उधईचं काम करायला गेलो, आणि तेही धड येईना. उपटावं तिथं दुपटीनं यायचे. बायकोला मी सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. माठाला कान लावणं तेवढं तिनं बंद केलं.

मग एका सकाळी, रात्रभर गडगडून गेल्यावर, मी खोली उघडली आणि माठात पांढऱ्या छत्र्या उभ्या होत्या.

मी हाका मारत घरभर फिरलो. ती भाकरीचं पीठ तसंच हाताला ठेवून आली. तिचा चेहरा त्या क्षणी कसा होता ते मला लिहिता येत नाही. सासूबाईंबरोबर पहाटे निघायची ती पोरगी मी कधी पाहिली नव्हती. ती तेव्हा पाहिली. ती खाली बसली, पिठाच्या दोन बोटांनी एक छत्री अगदी बुडाशी धरली आणि हळूच ओढली.

छत्री लगेच हातात आली. खाली मूळच नव्हतं.

तिनं ती उलटी करून पाहिली. मग दुसरी काढली. तिलाही नव्हतं. सडल्या पाचोळ्यावर उकिरड्यात येतात त्या छत्र्या होत्या. मी काहीतरी बोलत राहिलो, मूळ तुटून आत राहिलं असेल, माती घट्ट असेल. ती उठली आणि भाकरी थापायला गेली. दुपारपर्यंत त्या छत्र्या वितळून माठाच्या काठावर काळं पाणी झालं.

संध्याकाळी मी माठ परसात नेऊन उलटा केला. गोळा हातात घेतला तर भुसा झाला. उधई एकही नव्हती. माती तेवढी उरली, तीही काळवंडलेली. धुऱ्याची म्हणून ओळखू येणार नाही अशी. मी तिथंच ओट्यावर बसून राहिलो. कुकर लावला नसता तर, असं मनात चाललं होतं. आणि हेही माहीत होतं की नसता लावला तरी असंच झालं असतं. त्यातही काही दिलासा नव्हता.

आत फोन वाजला. साळ्याचा असणार, त्याची वेळच ती. ही फोन घेऊन बाहेर आली, पण नेहमीसारखा हातात दिला नाही. वाजू दिला. वाजून वाजून तो बंद झाला, तशी माझ्या शेजारी बसली.

"तो परत लावन," ती म्हणाली. "सांगजा, निघाले म्हणून. भाजी केली, खाल्ली म्हणा."

मी म्हणालो, "अन् त्यानं मागितले तं?"

"तं म्हणजा, इतकेच होते."