रोही आडवा आलाच नव्हता

कामरगाव ते कारंजा रस्त्यावर नथ्थूनं अठरा वर्षं प्रवाशांची जीप चालवली. एवढ्या वर्षांत त्याच्या चाकाखाली साधी कोंबडीही आली नव्हती. म्हणून पुलाजवळ जीप रस्ता सोडून खाली उतरली, तेव्हा "रोही आडवा आला" हे त्याचं म्हणणं सगळ्यांनी खरं मानलं; रोही, म्हणजे नीलगायी, तिथं रस्त्यावर येतच. भर दिवसाचे अकरा वाजले होते. शेजारी बसलेल्या, गावातल्याच केशरबाईचा उजवा हात मनगटात मोडला. बाकीच्यांचं खरचटण्यावर निभावलं.

रोही नव्हताच. नथ्थूचा डोळा लागला होता.

वर्षभर हेच चाललं होतं. आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड, तोंड कोरडं. न्हाव्याच्या खुर्चीत तो घोरायला लागला की लोक हसत. बायको पंचफुला मात्र घाबरलेली असे. "तुमी घोरता घोरता थांबता. श्वासच येत नाही. हलवलं का मंग येते."

अपघातानंतर तिनंच त्याला वाशीमला नेलं. अंगाला वायरी लावून झोपेची तपासणी झाली.

"झोपेत तुमचा घसा मिटतो," डॉक्टर म्हणाले. "तासात तीसेक वेळा श्वास अडतो. तुमचं बीपी वाढलंय, त्यालाही याचाच हातभार आहे. मास्कचं मशीन लावून झोपा, वजन उतरवा. आणि मी सांगेपर्यंत गाडी बंद."

परतल्यावर तो केशरबाईकडे गेला. ती डाव्या हातानं मिरच्या निवडत होती.

"मावशी, रोही नव्हता. मले झोप लागली होती."

केशरबाईनं हातातली मिरची सुपात टाकली. मग म्हणाली, "माह्या नातीले तूच शाळेत नेत होता ना? तवाबी झोप येत होती?"

"येत होती."

"मंग कायले नेलं रे?"

ती सूप उचलून आत गेली.

पहिला आठवडा मास्कनं जीव गुदमरला. तो काढून फेकायचा, पंचफुला पुन्हा बांधायची. मग एका सकाळी डोकं हलकं वाटलं. आपण किती थकलो होतो हे त्याला तेव्हा कळलं, आणि तशा अवस्थेत रोज दहा-बारा माणसं बसवून आपण फिरलो, हेही.

चार महिन्यांनी डॉक्टरांनी गाडीला परवानगी दिली. तोवर गावातलाच लालसिंग त्याची जीप चालवत होता. त्यानं चावी पुढे केली.

"घे ना, नथ्थूभाऊ."

"चालव तूच," नथ्थू म्हणाला, "अजून आठ दिवस."

त्या आठ दिवसांना आता दोन महिने झाले.