लाइट आल्यावर येणारा फोन

फीडर चालू झाला, टिकला, आणि तरी ठकूआजीचा फोन आला नाही.

मी ओतूरच्या बाजूला एका वीज उपकेंद्रात ऑपरेटर आहे. गावांकडे वीज नेणारी मुख्य लाइन म्हणजे फीडर. त्या दुपारी वावटळीत डोंगराकडचा फीडर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. वारा थांबल्यावर मी तो पुन्हा चालू केला. पॅनेलवर सगळं ठीक दिसत होतं.

लाइट गेली की आमच्या फोनवर शिव्या पडतात. खंडेनवमीला याच पॅनेलला झेंडूचे हार, आम्हाला नारळ आणि साहेबांचं भाषण. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिव्या. या वर्षातून एकदाच्या कृतज्ञतेची मला चीड आहे. शेवटच्या वाडीवरची ठकूआजी मात्र वेगळी. लाइट गेली म्हणून तिने कधी फोन केला नाही. आली की मात्र दर वेळी करते, "आली गं बाई. लई बरं केलंस."

चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली मी. एकदा तिला सुनावलं, आजी, वीज तुमचा हक्क आहे, आमचे उपकार नाहीत. ती म्हणाली, "जावई हक्काचाच आसतो. तरी आला की 'या' म्हणतोच की."

शेवटी मीच तिला फोन लावला. लाइट आलीच नव्हती.

"मग सांगायचं नाही का, आजी?"

"न्हाई म्हणून सांगणारे लई हायेत. मी आली की सांगते."

वाडीपर्यंत वीज पोचत नाही, म्हणजे वाटेत कुठेतरी तार तुटलेली असू शकते. तुटलेली तार कोरड्या मुरमावर पडली, तर फीडर कधीकधी ट्रिपच होत नाही. जमिनीत करंट फारसा उतरत नाही, त्यामुळे यंत्राला बिघाड कळत नाही. तार मात्र जिवंत असते. वाडीची पायवाट मुरमाची, आणि शाळा सुटायची वेळ झालेली.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, एका वाडीचा फ्यूज उडाला असेल, संध्याकाळी बघू. "कांद्याला पाणी चालू आहे. म्हातारीनं थँक्यू म्हटलं नाही म्हणून सगळा फीडर बंद करणार?"

"हो साहेब. मेमो द्या मला."

मी फीडर बंद केला. शिव्या लगेच सुरू झाल्या. लाइनमन दत्ताभाऊ मोटरसायकलवरून निघाले.

थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. "ताई, तार वाटंवर आडवी पडलीय. गवतात दिसत बी न्हाय. पोरं आत्ता वरनं आली, मी थांबवलीत."

मी पॅनेलकडे पाहिलं. इतके मीटर, बिघाड ओळखणारे इतके रिले. त्यांच्यातल्या एकालाही जे कळलं नाही, ते एका बाईच्या न आलेल्या फोनने सांगितलं.

मेमो आला नाही. शाबासकीही नाही.

हक्कासाठी भांडणं मी सोडलेलं नाही. पण आता फीडर चालू केला की प्रत्येक वाडीवर एका घरी फोन करते, लाइट आली का विचारते आणि आभार मानते. बहुतेक जण बुचकळ्यात पडतात. परवा एकाने विचारलं, "आभार कशाचे, राव?"

म्हटलं, तार जागेवर आहे हे कळवल्याचे.